टायबरचे खोरे : पाणी, दगड आणि बागा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आमच्या इटलीच्या प्रवासाविषयी चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी केली. सेवानिवृत्त शिक्षकाला ‘बोला’ म्हणणे म्हणजे अडलेल्या पाण्याला उतार दाखविणेच होय. ते पाणी कोठे जाऊन थांबेल, याची हमी कोणी द्यावी? तथापि आम्ही घड्याळ समोर ठेवले आहे, आणि भोजनाची वेळही आमच्या ध्यानात आहे.

इटली म्हटले की रोमची भग्न सभागृहे, व्हेनिसचे कालवे आणि पिसाचा कललेला मनोरा यांची चित्रे डोळ्यांसमोर उभी राहतात. ती वर्णने आपण पुष्कळ वाचली आहेत. त्यांत भर घालण्याचा आमचा अधिकार नाही. आज एकाच नदीच्या खोऱ्याविषयी बोलावयाचे आहे. ‘रोम हे शहर टायबर नदीच्या काठी वसले आहे’ हे वाक्य आम्ही तीस-बत्तीस वर्षे भूगोलाच्या तासाला मुलांकडून म्हणवून घेतले. त्या एका ओळीमागे केवढा प्रदेश आहे, हे प्रत्यक्ष पाहण्याचा योग आमचे पुतणे नोकरीनिमित्त रोमला असल्यामुळे आला. त्यांनी आपली मोटार आणि सुट्टीचे आठ दिवस आमच्या स्वाधीन केले. बरोबर आमच्या सौभाग्यवती आणि पुतण्यांचा दहा वर्षांचा मुलगा अशी मंडळी होती. नदीच्या उगमापासून निघून तिच्याबरोबर खाली उतरत यावयाचे, वाटेत तिला मिळणाऱ्या उपनद्यांकडे वळावयाचे आणि शेवटी रोमला पोहोचावयाचे, असा क्रम आम्ही ठरविला होता.

टायबरची लांबी सुमारे ४०५ किलोमीटर आहे. पो आणि आदिजे यांच्या खालोखाल ती इटलीतील तिसऱ्या क्रमांकाची नदी होय. तिचा उगम ॲपेनाइन पर्वतातील फुमायोलो या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२६८ मीटर उंचीवर आहे. बीच वृक्षांच्या गर्द राईत दगडांतून पाण्याची एक बारीक धार बाहेर पडते. जवळच गरुडाची प्रतिमा बसविलेला एक दगडी खांब आहे. हा खांब मुसोलिनीच्या राजवटीतला. त्या राजवटीचा एक पराक्रम असा की, १९२३ साली प्रांताची सीमाच सरकविण्यात आली. पूर्वी उगम टस्कनीत मोडत असे. तो मुसोलिनीच्या जन्मप्रांतात, म्हणजे फोर्ली प्रांतात, जावा यासाठी ही खटपट झाली. नदीला मात्र याचे काहीच सोयरसुतक नव्हते. ती पूर्वीच्याच वाटेने खाली जात राहिली.

डोंगर उतरून आले की नदीचे वरचे खोरे लागते. तंबाखूची आणि सूर्यफुलांची शेते, टेकड्यांच्या माथ्यावर तटबंदीची गावे आणि मधून मधून सुरूची उभी झाडे, असा हा शांत मुलूख आहे. सान जुस्तिनो या गावी बुफालिनी घराण्याचा एक जुना गढीवजा वाडा आहे. मुळात तो लढाईसाठी बांधलेला. पुढे लढाया थांबल्या तेव्हा धन्यांनी त्याचे राहते घर केले आणि भोवती बाग लावली. त्या बागेत बुटक्या झुडपांच्या कुंपणांचा एक भुलभुलैया आहे. आमचे नातू त्यात शिरले आणि त्यांना बाहेर काढण्यासाठी आम्हांस आत जावे लागले. नंतर आम्हां दोघांना बाहेर काढण्यासाठी सौभाग्यवतींना बाहेरून हाका मारून दिशा दाखवावी लागली.

या शांत खोऱ्यात महाराष्ट्रातील माणसाने क्षणभर मान लववावी, असे एक स्थान आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर सुमारे ५०,००० भारतीय सैनिक लढले. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक यशवंत घाडगे हे त्यांपैकी एक. ते मूळचे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या ठाण्यावर चालून जाताना त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज तुकडीतील प्रत्येक जण मारला गेला वा जखमी झाला. घाडगे एकटे पुढे धावले. हातबाँब टाकून त्यांनी ती मशीनगन बंद पाडली. उरलेल्यांशी लढताना बंदुकीत गोळ्या भरण्यास अवधी राहिला नाही, तेव्हा तिचाच सोट्यासारखा उपयोग केला. ठाणे हाती आले. पण लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तेथेच पडले. त्यांचे वय त्या वेळी अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

या खोऱ्यातील मोंतोने या गावाने २०२३ सालच्या जुलै महिन्यात त्यांच्या नावाचे एक स्मारक उभारले. ते सूर्यघटिकेच्या आकाराचे आहे, आणि आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर आहे. परक्या देशातील एका लहानशा गावाने एकोणऐंशी वर्षांनी आपल्या माणसाची आठवण पुन्हा उजेडात आणली. सौभाग्यवतींनी पिशवीतून हळदकुंकवाची डबी काढली आणि त्या दगडापाशी दोन बोटे टेकविली. नातवाने विचारले, “आजी, हे आपले कोण होते?” त्या म्हणाल्या, “आपले होते, एवढे पुरे.”

आता थोडा भूगोल सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. टायबरच्या या खोऱ्याच्या दोन बाजू दोन प्रकारच्या आहेत. पश्चिमेकडे, विशेषतः रोमच्या वरच्या अंगाला, जुन्या ज्वालामुखींचा प्रदेश आहे. पूर्वेकडचे डोंगर बहुतांशी चुनखडीचे आहेत. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना कार्बन वायू शोषून घेते आणि किंचित आम्ल होते. मग ते चुनखडी विरघळवीत झिरपते. हेच पाणी पुढे कड्यावरून आदळू लागले की तो वायू उडून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा दगडाच्या रूपाने खाली बसतो. ज्यांच्या घरी पूर्वी तांब्याचा बंब होता, त्यांनी आतल्या बाजूला धरणारे पांढरे कवच खरवडलेले असेल. तीच ही क्रिया. फक्त बंब डोंगराएवढा आणि काळ हजारो वर्षांचा.

याचा परिणाम मोठा चमत्कारिक होतो. असे पाणी एकीकडे दगड घडविते आणि दुसरीकडे त्याच दगडाने आपली वाट बुजविते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे या खोऱ्यातील धबधबे आणि बागा यांचे सारे मर्म उलगडते, असे आम्हांस वाटते.

याचे पहिले उदाहरण म्हणजे मार्मोरेचा धबधबा. टायबरला मिळणारी नेरा ही नदी, आणि नेराला मिळणारी वेलिनो. वेलिनोने चुन्याचे थर टाकून टाकून कड्याच्या तोंडाशी जणू बांधच घातला होता. त्यामुळे वरच्या बाजूला रिएतीच्या मैदानात पाणी तुंबून मोठी दलदल झाली होती. इसवी सनापूर्वी २७१ साली मानिउस कुरिउस देंतातुस या रोमन अधिकाऱ्याने तेथे पाट खोदविला आणि ते सारे पाणी कड्यावरून खाली नेराच्या दरीत सोडले. तीन टप्प्यांनी मिळून हा धबधबा १६५ मीटर उंचीचा आहे. चुन्याच्या थरांचा दगड संगमरवरासारखा दिसतो, म्हणून मार्मोरे हे नाव. जगातील प्रवासी जो निसर्गाचा चमत्कार म्हणून पाहावयास येतात, तो मूळचा दलदल काढून टाकण्यासाठी केलेला पाणीपुरवठा खात्यासारखा उद्योग आहे!

पण वरच्या लोकांचे सुख ते खालच्या लोकांचे दुःख, हे पाण्याच्या बाबतीत सर्वत्र खरे आहे. रिएतीची शेते कोरडी झाली. मात्र पावसाळी लोंढा आला की खाली तेर्नी गावाच्या शेतांत पाणी शिरू लागले. दोन्ही गावांचा तंटा रोमपर्यंत गेला. इसवी सनापूर्वी ५४ साली रिएतीकरांच्या बाजूने वकिली केली ती प्रख्यात वक्ता सिसेरो याने. तंटा तेथे संपला नाहीच. पाट पुन्हा पुन्हा चुन्याने भरे, पुन्हा दलदल होई, पुन्हा कोणी पोप नवा पाट खोदवी आणि पुन्हा खालचे लोक तक्रार करीत. १७८७ साली आंद्रेआ व्हिची या वास्तुविशारदाने खालच्या टप्प्याशी प्रवाहाला नवे वळण दिले, तेव्हा कोठे नेराच्या काठची तक्रार बरीचशी शमली. म्हणजे एक पाट नीट चालावा म्हणून माणसे सुमारे दोन हजार वर्षे खपली.

आज हे पाणी वीज उत्पादनासाठी वळविले जाते, आणि धबधबा वेळापत्रकाप्रमाणे सोडला जातो. आम्ही पोहोचलो तेव्हा समोर नुसता हिरवा, ओला कडा होता. पुष्कळ माणसे चित्रपटगृहात पडदा उघडण्याची वाट पाहावी तशी उभी होती. इशाऱ्याचा भोंगा वाजला. वर एक पांढरी रेघ उमटली, ती रुंदावली, आणि काही वेळातच सारी दरी गर्जनेने आणि तुषारांनी भरून गेली. आमचे नातू अंगभर भिजले. ते म्हणाले, “आजोबा, नळासारखा चालू-बंद होतो. मग हा धबधबा खरा की खोटा?” आम्ही म्हणालो, “पाणी खरे, कडा खरा, पडणेही खरे. वाट तेवढी माणसाने काढलेली, आणि माणसानेच आजवर मोकळी ठेवलेली.” त्यांचे समाधान झाले की नाही, कोण जाणे, ते पुन्हा भिजावयास पळाले.

ओर्ते गावाजवळ नेरा टायबरला मिळते. तेथून पलीकडे पश्चिमेस वळले की आपण ज्वालामुखीच्या प्रदेशात येतो. येथील बोमार्झो या गावाखालच्या रानात एक विलक्षण बाग आहे. सोळाव्या शतकात पिएर फ्रांचेस्को ओर्सिनी नावाच्या तेथील जहागीरदाराने ती करविली. लोक त्याला विचिनो म्हणत. रानात जागोजाग जे मोठे खडक पडले होते, त्यांतूनच जागच्या जागी मूर्ती कोरल्या आहेत. हत्ती आहे, कासव आहे, आ वासलेला राक्षस आहे. त्याच्या तोंडात शिरले की आत दगडी मेज आणि बैठक. एक दुमजली घर मुद्दाम कलते बांधलेले आहे; आत पाऊल टाकताच भोवळ येते. तेथील एका शिलालेखावर १५५२ हे साल आहे. टेकडीच्या वरच्या अंगाला एक देऊळ आहे. विचिनोने ते आपल्या दिवंगत पत्नीच्या, जुलिया फार्नेसेच्या, स्मरणार्थ बांधले. भेसूर आकृतींच्या त्या रानातून वर चढत गेल्यावर शेवटी हे साधे देऊळ दिसते, आणि एवढा खटाटोप करणाऱ्या माणसाचे दुःख कळते.

विचिनो गेला आणि पुढे बागेला कोणी वाली राहिला नाही. शतकानुशतके मूर्तींवर शेवाळ चढले, वेलींनी राक्षसाचे तोंड झाकले, मेंढपाळ तेथे मेंढरे चारू लागले. १९५४ सालापासून जोवान्नी बेत्तिनी नावाच्या गृहस्थाने ही बाग साफ करविली. आज आपण जे पाहतो ते दोन माणसांचे काम आहे, घडविणाऱ्याचे आणि शोधून स्वच्छ करणाऱ्याचे. पहिल्याचे नाव पाटीवर मोठ्या अक्षरांत असते. दुसऱ्याचे आम्हांस चौकशी केल्यावर कळले.

तेथून थोड्या अंतरावर बान्याइया येथे व्हिला लांते ही बाग आहे. बोमार्झो हे जर स्वप्न, तर ही बाग म्हणजे व्याकरण. कार्डिनल गांबारा या धर्माधिकाऱ्याने १५६६ नंतर ती करविली. आराखडा विन्योला या वास्तुविशारदाचा मानतात. टेकडीच्या माथ्यावर, दाट झाडीत, पाणी गुहेतून रानटीपणे कोसळते. तेथून ते एका दगडी पन्हळीत शिरते. या पन्हळीला खेकड्यासारख्या एका जलचराच्या नांग्यांचा आकार दिला आहे. इटालियन भाषेत त्या प्राण्याला गांबेरो म्हणतात, आणि धन्याचे आडनाव गांबारा! नावावर अशी कोटी दगडात कोरून ठेवण्याची हौस आपल्या शाहिरांनाही आवडली असती. पुढे दोन विशाल वृद्ध पुरुषांच्या मूर्ती आडव्या टेकलेल्या आहेत. त्या टायबर आणि आर्नो या नद्यांच्या होत. खाली एक लांबच लांब दगडी मेज आहे आणि त्याच्या मधोमध वाहत्या पाण्याची चर. जेवणाच्या वेळी मद्य त्यात थंड होत असे. सौभाग्यवतींनी ते निरखून पाहिले आणि म्हणाल्या, “अहो, पंगतीच्या मधून पाट नेला आहे यांनी. वाढपी कोणत्या बाजूने फिरत असेल?” शेवटी अगदी खाली तेच पाणी चौकोनी, निश्चल तलावांत येऊन विसावते. वर रान, खाली आरसा. आणि मध्ये पाण्याला लावलेली एक एक शिस्त.

आता टायबरच्या खालच्या अंगाला मिळणाऱ्या आनिएने नदीकडे येऊ. ही पुन्हा पूर्वेकडची, चुनखडीच्या डोंगरांतून येणारी नदी. ती डोंगर सोडून रोमच्या मैदानात जेथे उडी घेते, तेथे तिवोली हे शहर वसले आहे. तिवोलीच्या खालच्या मैदानातून निघणारा ट्रॅव्हर्टाइन दगड हाही चुना मिसळलेल्या पाण्यानेच घडविलेला. रोमचे कोलोसियम याच दगडाचे. तेव्हा रोम टायबरच्या काठी वसले हे तर खरेच; पण ते या खोऱ्यातील पाण्याने घडविलेल्या दगडाने बांधले गेले, हे आम्ही मुलांना आता जोडून सांगितले असते.

तिवोली येथील व्हिला द’एस्ते ही बाग सर्वांत प्रसिद्ध. इप्पोलितो द’एस्ते हा श्रीमंत कार्डिनल १५५० साली या शहराचा अधिकारी म्हणून आला. पोपपदाची त्याची इच्छा वारंवार निष्फळ झाली होती. त्याने पिर्रो लिगोरियो या विद्वान वास्तुविशारदाच्या हातून डोंगराच्या उतारावर कारंज्यांची बाग उभी केली. नदीचे पाणी शहराच्या खालून बोगद्याने आणले आणि एकाही यंत्राचा आधार न घेता, केवळ उतारावर, शेकडो कारंजी उडविली. बागेतील पाटांची लांबीच सुमारे ८७५ मीटर भरते. शंभर कारंज्यांची एक लांब भिंत आहे. पाण्याच्या दाबाने हवा कोंडून वाजणारा एक बाजा आहे; तो फार काळ मुका होता, २००३ साली दुरुस्त होऊन पुन्हा वाजू लागला. मात्र एक गोष्ट विसरू नये. या बागेसाठी लोकांची राहती घरे पाडली गेली, आणि तिवोलीकरांनी कार्डिनलवर फिर्यादी लावल्या. सौंदर्य पाहताना त्याचे मोल कोणी भरले, हेही विचारले पाहिजे.

कार्डिनल १५७२ साली वारला. पुढे बाग वारसाहक्काने दूरच्या राजघराण्याकडे गेली आणि कारंजी बंद पडली. एकोणिसाव्या शतकात कार्डिनल होहेनलोहे याने तिची पुष्कळ डागडुजी केली. त्याचा पाहुणा म्हणून प्रख्यात संगीतकार फ्रांझ लिस्ट येथे राहिला आणि या कारंज्यांवर त्याने पियानोसाठी रचना केली. पहिल्या महायुद्धानंतर बाग इटलीच्या सरकारकडे आली. १९४४ साली बाँबवर्षावाने तिची हानी झाली. पुन्हा दुरुस्ती झाली. २००१ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून तिला मान्यता दिली.

त्या शंभर कारंज्यांपाशी एक वयस्क कामगार हातात लोखंडी तार आणि ब्रश घेऊन बसला होता. एक एक तोटी खरवडून तो पुढे सरकत होता. पुतण्यांच्या मध्यस्थीने आम्ही दोन शब्द बोललो. तो म्हणाला, “या पाण्यात चुना आहे. शेवटच्या तोटीपर्यंत पोहोचलो की पहिलीची वेळ पुन्हा आलेली असते.” आम्ही विचारले, “कंटाळा येत नाही?” तो म्हणाला, “कारंजे बांधणाऱ्याने एकदा बांधले. उडते ते रोज.” शाळेत फळा पुसण्याचे काम आम्ही आयुष्यभर केले असल्यामुळे त्याचे म्हणणे आम्हांस तत्काळ समजले.

तिवोलीतच, शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हिला ग्रेगोरियाना नावाची खोल दरी आहे. नाव जरी व्हिला असले तरी येथे वाडा नाही. १८२६ च्या नोव्हेंबरात आनिएनेला महापूर आला आणि काठावरची घरे वाहून गेली. तेव्हा नदीची वाटच बदलण्याचे ठरले. सोळावा ग्रेगरी या पोपच्या कारकीर्दीत, क्लेमेंते फोल्की या अभियंत्याने काटिलो डोंगरातून दोन जोड बोगदे खणून नदी पलीकडे काढली. १८३५ साली हे काम पुरे झाले, आणि सुमारे १२० मीटरांचा नवा धबधबा निर्माण झाला. नदीने सोडलेल्या जुन्या दरीत झाडे लावून, पाऊलवाटा आखून उपवन केले. वर कड्यावर प्राचीन रोमन देवालये, खाली पाण्याने कोरलेल्या गुहा. शहर वाचविण्यासाठी केलेल्या कामातून उपवन निपजले. १८९२ साली याच प्रपातांच्या बळावर तिवोलीत निर्माण केलेली वीज तारांवाटे रोमपर्यंत नेण्यात आली. विजेच्या इतिहासातील ती एक आरंभीची गोष्ट मानली जाते.

हे उपवनही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेवारस झाले होते. वाटा ढासळल्या, कचरा साठला, दारे बंद झाली. २००२ साली इटलीतील वारसा जपणाऱ्या एका सार्वजनिक संस्थेने ते हाती घेतले आणि २००५ साली पुन्हा खुले केले. ही संस्था सभासदांच्या वर्गणीचा आणि देणग्यांचा मोठा आधार घेऊन चालते. हे ऐकून आमचे कान टवकारले, कारण वर्गणी गोळा करण्याचे काम किती कठीण, हे आपल्या मंडळाच्या खजिनदारांइतके कोणाला ठाऊक असणार?

शेवटी आनिएने रोमच्या उत्तरेस टायबरला मिळते आणि नदी शहरात शिरते. येथे तिच्या दोन्ही काठांना उंच भिंती आहेत. १८७० च्या डिसेंबरात मोठा पूर आल्यानंतर त्या बांधण्यास घेतल्या आणि ते काम विसाव्या शतकापर्यंत चालले. शहर वाचले, पण नदीकाठचे काही जुने उद्यानभाग या भिंतींनी गिळले. फार्नेसिना नावाच्या वाड्याच्या बागेचा नदीकडील भाग असाच गेला. खोदकाम करताना तेथेच प्राचीन रोमन घराच्या भिंतींवरील अप्रतिम चित्रे सापडली. आता ती संग्रहालयात आहेत. घेतल्यावाचून देत नाही, असा या नदीचा स्वभाव दिसतो.

मंडळी, आता आवरते घेतो. या आठ दिवसांत आम्ही जे पाहिले, त्यात जुनी वस्तू आपोआप टिकली आहे असे एकही उदाहरण नव्हते. आणि नुकसान करणारे नेहमीच बाहेरचे शत्रू होते असेही नाही. ज्या पाण्याने ती शोभा आणली, त्याच पाण्याने थोडे थोडे कवच धरून तोट्या बंद केल्या. कवच धरले म्हणून कोणी कारंजे फोडून टाकले नाही. आणि ते कार्डिनलच्या काळचे म्हणून कोणी त्याची पूजाही केली नाही. शहाण्या माणसांनी ते खरवडले.

आपल्या वाडवडिलांनी हे मंडळ काढले तेव्हा त्यांनीही एक पाटच आणला. ज्या घरी फी भरण्यास पैसा नाही, त्या घरच्या मुलापर्यंत शिक्षण पोहोचावे, हा त्यांचा हेतू. आज या सभागृहात जी मंडळी बसली आहेत, त्यांतील कित्येक त्याच पाण्यावर वाढली, आम्हीही त्यांपैकीच. त्या काळी शिष्यवृत्तीच्या अर्जावर दोन सभासदांची शिफारस असावी, असा नियम झाला. तो योग्यच होता, कारण तेव्हा सारे एकमेकांना ओळखत आणि खोटा अर्ज टाळावयाचा होता. आज आपली कुटुंबे दूरदूर पांगली आहेत. गेल्या वर्षी दूरच्या तालुक्यातील एका मुलीने आम्हांस पत्र लिहिले. गुण उत्तम, वडील मजुरीवर. पण सभासद म्हणून ती एकालाही ओळखत नव्हती, आणि अर्जाची मुदत निघून गेली. पाणी आहे, पन्हळ आहे, तहानही आहे. तोटी तेवढी बुजली आहे.

आम्ही काही ठराव मांडावयास उभे राहिलेलो नाही. ते काम सर्वसाधारण सभेचे. पण कार्यकारी मंडळाने या एका नियमाकडे पाहावे, शाळेच्या मुख्याध्यापकांची शिफारसही चालेल असे करता येईल काय याचा विचार करावा, आणि तो पुढील जूनपूर्वी करावा, एवढी विनंती आहे. त्या मुलीचे पत्र आम्ही चिटणीसांकडे देत आहोत.